मोठ्या टीचा अर्थ

नागावात सलिल वर्तकाबद्दल कुणालाही विचारलं तरी उत्तर एकच मिळायचं, "तो होय, कॉम्प्युटरचं कायतरी करतो." त्या 'कायतरी'च्या पलीकडे कुणी गेलं नाही आणि सलिलनेही कुणाला नेलं नाही. वय सत्तावन्न, लग्न केलेलं नाही. मुंबईत एका कॉलेजच्या संगणक विभागात चोवीस वर्षं नोकरी केली. आईने अंथरूण धरलं तेव्हा ती सोडून घरी आला, आणि आई गेल्यावर परत जावं असं तिकडे काही उरलं नव्हतं. शेजारच्या दोन्ही वाड्यांत आता पाहुण्यांच्या खोल्या झाल्या आहेत आणि शनिवार-रविवार त्यांची गाणी कुंपणावरून आत येतात. सलिलने आपल्या वाडीत खोल्या बांधल्या नाहीत. लोक आले की त्यांच्याशी बोलावं लागतं.

त्याचं बोलणं व्हायचं ते नारळ उतरवायला येणाऱ्या बुधाजीशी, तेही दीड-दोन महिन्यांनी एकदा.

"सलिलभाव, दिसभर त्या डबड्यात काय बघता?"

"काम करतो."

"कोनाचं?"

"कुणाचंच नाही तसं."

बुधाजीने कोयता कमरेला अडकवला. "मंग त्याला काम कशाला म्हनता?" एवढं बोलून तो माडावर चढला.

काम होतं ते असं. केल्प नावाची एक संगणकप्रणाली आहे. तिचा मालक कुणी नाही. निरनिराळ्या देशांतली शंभरेक माणसं ती हौसेने सांभाळतात आणि ज्याला हवी तो फुकट वापरतो. अशी प्रणाली म्हणजे हजारो तुकड्यांची जुळणी. कुठला तुकडा आधी, कुठला मागून, कालपासून कुठला बदलला आणि कुठला तसाच आहे, हे बघून सगळं बांधून काढणारं एक अवजार त्यात लागतं. पडद्यावर एक आज्ञा टाइप करायची की ते कामाला लागतं. त्या आज्ञेपुढे आडवी रेघ देऊन एखादं अक्षर लिहिलं तर त्याची वागणूक बदलते. छोटा एन लावला तर काय करणार ते नुसतं सांगायचं, करायचं नाही. छोटा के लावला तर एक तुकडा अडला तरी बाकीचे चालू ठेवायचे. अशी एकतीस अक्षरं होती, आणि एकोणीस वर्षं या अवजाराची देखभाल एकटा सलिल करत होता. बरोबरच्या माणसांपैकी एकालाही त्याने पाहिलेलं नव्हतं. तिथे त्याचं पूर्ण नावसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. तो पत्राखाली फक्त 'एस. व्ही.' लिहायचा.

दोन वर्षांपूर्वी ठरलं की हे जुनं अवजार काढून टाकायचं. दुसऱ्या एका प्रणालीचं नवं अवजार होतं, वेगवान, नीटनेटकं, आणि त्याच्यामागे बारा-पंधरा माणसं होती. सलिलनेही होकाराचं मत दिलं. आपल्याला उद्या काही झालं तर जुनं अवजार अनाथ होणार हे त्याला कळत होतं. केल्पचा कारभार बघणारा आर्वो नावाचा फिनलंडचा माणूस होता. त्याने लिहिलं, "जुन्यातलं सगळं तुलाच माहीत आहे. नव्यात कुठली अक्षरं चालतील, कुठली अडतील, ते तूच तपासून दे."

सलिलने तीन महिने तेच केलं. एकतीसपैकी पंचवीस अक्षरांचा अर्थ दोन्हीकडे एकच निघाला. पाच नव्यात नव्हतीच. त्यांची त्याला चिंता नव्हती, कारण असं अक्षर दिलं की नवं अवजार ओरडून थांबायचं आणि माणसाला चूक कळायची. राहिलं एक. मोठा टी. तो दोन्हीकडे होता, आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ वेगळा होता.

बांधणीचं अवजार तारखा बघून ठरवतं. समजा एक पुस्तक बांधायचं आहे. लिहिलेला मजकूर तयार पुस्तकापेक्षा नवा असेल तर पुस्तक पुन्हा बांधायचं, नसेल तर हात लावायचा नाही. जुन्यातला मोठा टी सांगायचा, 'तारखांवर विश्वास ठेवू नकोस, आतला मजकूर उघडून बघ.' नव्यातला मोठा टी सांगायचा, 'काही बांधू नकोस, सगळं बांधून झालं असं समज आणि तशी खूण करून ठेव.' म्हणजे जुन्या सवयीने कुणी तो लावला असता तर अवजार गुमान संपलं असतं, चूक दाखवली नसती, आणि काम काहीच झालं नसतं.

सलिलने लिहिलं की मधे एक दुभाषा ठेवू, जुनं अक्षर आलं की त्याचा जुना अर्थ लावणारा. आर्वोने विचारलं, "मोठा टी वापरतं कोण? एक माणूस दाखव, मी ठेवतो."

सलिलला तो एक माणूस माहीत होता. सतरा वर्षांपूर्वी मोठा टी त्याने ज्याच्यासाठी लिहिला होता तो. बी. शिगवण. त्याचा ईमेलचा पत्ता जुन्या पत्रांत होता. दोन ओळी लिहून विचारायचं, बस. पण सलिलने विचार केला, सतरा वर्षं झाली, आता कुठला तो संगणक आणि कुठला तो माणूस. उगाच कशाला त्रास द्यायचा. त्याने आर्वोला कळवलं, "दाखवता येत नाही." नव्या आवृत्तीबरोबर बदलांची एकशे चाळीस ओळींची यादी निघाली. तिच्यात त्र्याण्णवावी ओळ सलिलची होती: मोठ्या टीचा अर्थ बदलला आहे.

पुढच्या मे महिन्यात, दुपारी जेवून उठला असताना, त्याला एक पत्र आलं. इंग्रजी अडखळत लिहिलेलं होतं. 'सर, तुम्ही माझ्या पतींना ओळखत होता. ते सहा वर्षांपूर्वी वारले. त्यांनी लिहून ठेवलेली आज्ञा मी दर वर्षी देते. या वर्षी दिली, काही चूक दाखवली नाही, पण पुस्तक मागच्या वर्षीचंच निघालं. ते छापून वाटलं गेलं. माझं काय चुकलं ते कृपा करून सांगा.' खाली नाव होतं, कमळ बाळाजी शिगवण, म्हसळा.

सलिलने उत्तर इंग्रजीत सुरू केलं. दोन वाक्यं लिहिली, पुसली, आणि मराठीत लिहिलं: 'ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. चूक आमची आहे. मी नागावचा आहे. चालत असेल तर परवा येऊन दुरुस्त करून देतो.'

उत्तरात एवढंच आलं, 'या.'

नागावहून म्हसळ्याला जायचं तर रोह्यावरून लांबचा फेरा घ्यायचा, नाहीतर मुरूडहून आगरदांड्याला जाऊन खाडी ओलांडायची. सलिल सकाळच्या एसटीने मुरूडला गेला, तिथून रिक्षाने धक्क्यावर. फेरीबोटीवर तो गाड्यांच्या मधल्या जागेत उभा राहिला. शेजारी एक कुटुंब आंबे खात होतं. त्यांनी त्याच्यापुढे एक फोड धरली, त्याने मान हलवून नको म्हटलं, आणि दिघीचा धक्का येईपर्यंत आपण नाही का म्हटलं याचा विचार करत राहिला.

कमळताईंचं गाव म्हसळ्याच्या पुढे पाच किलोमीटर. त्या फाट्यावर येऊन उभ्या होत्या. पंचावन्नच्या असतील, पदर डोक्यावर घेतलेला, हातात कापडी पिशवी. बसमधून तो एकटाच उतरला तरी त्या त्याच्या मागे बघत राहिल्या.

"कमळताई? मी सलिल वर्तक."

"तुमी?" त्यांनी त्याला खालीवर बघितलं. "मला वाटलं गोरा मानूस येईल. पत्र मराठीत आलं तरी खरं न्हाय वाटलं. हे म्हनायचे, ते साहेब अमेरिकेत असतील."

चालता चालता त्यांनी सांगितलं. बाळाजी शिगवण हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. आसपासच्या एकतीस वाड्यांतल्या पोरांना त्यांनी पाऊस मोजायच्या काचेच्या नळ्या दिल्या होत्या. कुठल्या वाडीत कुठल्या आठवड्यात किती पाऊस झाला, कुणी कुठलं भात लावलं, ते किती तगलं, हे सगळं ते संगणकात घालायचे आणि शेतात पालापाचोळ्याचे राब भाजून झाले की पेरणीआधी त्याचं पुस्तक काढून शेतकऱ्यांना वाटायचे. ते गेल्यावर शाळेतल्या कुणी ते उचललं नाही. कमळताईंनी उचललं. आता चौदा वाड्या राहिल्या होत्या. आकडे फोनवर घ्यायच्या, संगणकात भरायच्या आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या चिठ्ठीवरची आज्ञा अक्षर न् अक्षर बघून टाइप करायच्या. दिवाळीला मुलगी पूनम पनवेलहून आली होती. केल्पची नवी आवृत्ती आली आहे असं पडद्यावर दिसलं, तिने हो म्हटलं.

"मुखपृष्ठ आमी वेगळं छापतो, त्याच्यावर नवं साल. म्हनून मला आत काय झालंय कळलंच न्हाय," त्या म्हणाल्या. "दोनशे पुस्तकं वाटून झाली. मग ठमाबाई आली."

ठमाबाई वरच्या वाडीची. नात शहरात गेल्यावर तिची नळी ठमाबाईने स्वतःकडे घेतली होती. वय पंचाहत्तरच्या पुढे, अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. मागच्या जुलैत तिच्या वाडीची पायवाट पावसाने वाहून गेली होती. त्या आठवड्यातही तिने रोज सकाळी नळी वाचली होती. पुस्तकात तो आठवडा जवळपास कोरडा होता.

"मला म्हनाली, 'माझे आकडे फेकून द्यायचे होते तर घेतले कशाला?' चार लोकांसमोर म्हनाली. मी काय बोलनार?"

घर कौलारू, पुढे सारवलेलं अंगण. संगणक मधल्या खोलीत, त्यावर धुतलेला पंचा पांघरलेला. कमळताईंनी कपाट उघडून चिठ्ठी दाखवली. निळ्या शाईत स्वच्छ अक्षरात आज्ञा, तिच्यात मोठा टी. खाली सलिलचा ईमेलचा पत्ता, आणि त्याच्यापुढे मराठीत: 'अडचण आल्यास यांना लिहावे. उत्तर देतात.'

सलिल बराच वेळ त्या शेवटच्या दोन शब्दांकडे बघत उभा राहिला.

मग तो खाली बसला. काय झालं होतं ते पाच मिनिटांत दिसलं. मोठा टी सतरा वर्षांपूर्वी लागत होता, कारण बाळाजींच्या त्या वेळच्या संगणकातलं घड्याळ मेलेलं होतं. त्यानंतर संगणक दोनदा बदलला होता. आताचं घड्याळ बिनचूक चालत होतं.

"ताई, खरं तर हे अक्षर आता लागतच नाही. गाळलं तरी पुस्तक बरोबर निघेल."

"मग कागदावर खोडायचं?" त्यांनी विचारलं. आवाज साधाच होता, पण त्या उठून पेन आणायला गेल्या नाहीत.

सलिलने चिठ्ठीकडे बघितलं. "नको. राहू द्या. मी आत बदल करतो."

त्याने पेनड्राइव्हवर आणलेलं जुनं अवजार त्या संगणकात बसवलं आणि चिठ्ठीवरच्या आज्ञेला तेच मिळेल अशी व्यवस्था केली. कमळताईंना म्हणाला, "आता तुम्हीच द्या." त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवत एकेक अक्षर दाबलं. पडद्यावर ओळी धावू लागल्या. गेल्या वर्षीचा पाऊस वाडीवार बांधला जाऊ लागला, आणि दहा मिनिटांत पुस्तक तयार झालं.

जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. कमळताई वाढता वाढता म्हणाल्या, "भाऊ, त्यांची पत्रं तुमच्याकडं हायत का? त्यांच्या संगनकातली त्या जुन्या यंत्राबरोबर गेली."

सलिलने येताना ती छापून आणली होती. का, ते त्याला सांगता आलं नसतं. चार पत्रं, चारही इंग्रजीत.

"वाचून सांगाल? मला एवढं इंग्रजी न्हाय येत."

हात धुऊन तो ओटीवर बसला आणि एकेक ओळ मराठीत सांगू लागला. पहिल्या पत्रात बाळाजींनी लिहिलं होतं: 'आमच्याकडे वीज जाते आणि माझ्या संगणकाच्या घड्याळाचा सेल संपला आहे. तो बोर्डालाच डाग देऊन बसवलेला आहे, बदलता येत नाही. त्यामुळे रोज सकाळी माझा संगणक फार जुन्या सालातल्या एक जानेवारीला जागा होतो. मी आज लिहिलेलं त्याला गेल्या शतकातलं वाटतं आणि तो पुस्तक बांधायचं नाकारतो. तारीख न बघता काम करणारं एखादं अक्षर मिळेल का?'

कमळताई हसल्या. "असंच बोलायचे. वर्गातबी."

दुसऱ्यात आभार होते. तिसऱ्यात एक शंका. चौथं पत्र हातात घेऊन सलिल थांबला, मग त्याने तेही वाचलं. 'आपण कोणत्या देशात राहता मला ठाऊक नाही. माझं गाव मुंबईच्या दक्षिणेला, रायगड नावाच्या जिल्ह्यात म्हसळ्याजवळ आहे. इथे समुद्र आहे, डोंगर आहेत आणि पाऊस पुष्कळ. तुमच्या मोठ्या टीमुळे आमचं पुस्तक वेळेवर निघालं. कधी भारतात आलात तर दसऱ्यानंतर आमच्या घरी नव्या तांदळाचा भात खायला या. मी स्वतः मुंबईला घ्यायला येईन.'

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. कमळताईंनी विचारलं, "तुमी काय लिवलं?"

"लिहिलं, आभारी आहे. हा विषय बंद करतो."

"एवढंच?"

"एवढंच."

"तवा तुमी कुठं होता?"

"परळला. रविवारी नागावला यायचो." तो कागदाकडे बघत म्हणाला. "म्हसळा वाचलं होतं मी, ताई. कळलं होतं. सांगावंसं वाटलंही होतं. मग वाटलं, कशाला."

कमळताईंनी ते पत्र त्याच्या हातातून घेऊन नीट घडी घातली. मग म्हणाल्या, "त्यांना लई बरं वाटलं असतं." त्यात राग नव्हता. राग असता तर सलिलला थोडं हलकं वाटलं असतं.

दुपारी त्यांनी म्हसळ्याच्या झेरॉक्सच्या दुकानातून पुस्तकाच्या पहिल्या प्रती काढल्या आणि एक घेऊन वरच्या वाडीला चढल्या. सलिल बरोबर गेला. ठमाबाई पडवीत वाल सोलत होती. तिने पुस्तक घेतलं, आकड्यांच्या रांगेवरून बोट फिरवत जुलैपाशी आली आणि तिथे थांबली.

"हां. ह्ये माजे." मग सलिलकडे बघून, "ह्यो कोन?"

"चूक यांच्याकडं झालेली, ठमाकाकी. दुरुस्त करायला आलेत."

"बरं झालं आलास," ती म्हणाली आणि पुन्हा वाल सोलू लागली.

घरी परतल्यावर सलिलने आर्वोला लिहिलं, 'मोठा टी वापरणारं एक माणूस आहे.' आणि सगळी हकीकत कळवली. आर्वोचं उत्तर तासाभरात आलं. त्याने सारवासारव केली नाही. तेव्हा तुझं ऐकायला हवं होतं, असं लिहिलं. त्यावर सलिलने कबूल केलं की तो माणूस तेव्हाही ठाऊक होता, आपणच विचारलं नाही. सात आठवडे लावून त्याने तो दुभाषा लिहिला. आता केल्पमध्ये मोठा टी दिला की अवजार थांबतं, दोन्ही अर्थ सांगतं आणि कुठला हवा ते विचारतं. ज्यांनी आधीच जुन्या अर्थाची निवड नोंदवून ठेवली असेल त्यांना काही विचारत नाही. शेवटी आर्वोने सहज विचारलं, "एस. व्ही., तू राहतोस तरी कुठे?" सलिलने नागाव कुठे आहे ते सविस्तर लिहिलं. आर्वोने नकाशात बघितलं, छान आहे म्हणाला, आणि पुढच्या पत्रात पुन्हा कामाचं बोलणं सुरू झालं.

दसऱ्यानंतर सलिल भात खायला गेला नाही. बोलावणं आलं होतं. कमळताईंनी फोन केला होता, आणि त्या नुसत्या उपचाराचं बोलणाऱ्या नव्हत्या. जायचं म्हणून त्याने एसटीची वेळही बघून ठेवली होती. पण ते आमंत्रण दुसऱ्या कुणाचं होतं आणि त्याची मुदत संपलेली होती, असं त्याला वाटत राहिलं. ताप आहे असं सांगून तो घरी बसला आणि त्या दिवशी त्याने काहीच केलं नाही.

या वर्षी मार्चमध्ये कमळताईंचे गुडघे फार दुखायला लागले तेव्हा पूनम त्यांना पनवेलला घेऊन गेली. घर बंद झालं. पुस्तक यंदा निघालं नाही. त्यांनी फोनवर सांगितलं, "चौदाच्या चौदा वाड्यांना कळवलं, आता मोजू नका म्हनून. तेरा जन हो म्हनाले. ठमाकाकी ऐकत न्हाय. म्हनते, मी मोजनार, कुनाला सांगू ते सांग. मी तुमचा नंबर दिलाय, भाऊ. चालेल ना?"

सलिल म्हणाला, चालेल.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी साडेसातला फोन वाजला. पलीकडून कुणी नाव सांगितलं नाही.

"बत्तीस. ठेवते."

आणि फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी एकेचाळीस. मग अकरा. मग दोन दिवस रेंज नव्हती, आणि तिसऱ्या दिवशी तीन आकडे एका दमात. सलिल ते लिहून घेतो. एका वाडीचं पुस्तक कोण वाचणार, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलेला नाही. फोन सगळा मिळून आठ-दहा सेकंदांचा असतो. एकदा त्याने आकडा ऐकल्या ऐकल्या घाईने विचारलं, "ठमाकाकी, बऱ्या आहात ना?" तोवर पलीकडे फोन ठेवलेला होता. आता तो रोज सव्वासातला उठून ओटीवर बसतो, आणि फोन घ्यायला उशीर होऊ नये म्हणून चहा आधी करून ठेवतो.